भाच्याला व्हिडिओ गेम घेऊन देताय? आधी कव्हरवरचा आकडा वाचा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण सुरतहून माहेरी आली की आमच्या अमळनेरच्या घरात चार-पाच दिवस पोरांचा राबता असतो. निंबाला बांधलेला झोका, दुपारी आमरस नि सांजोऱ्या, आणि जायच्या आदल्या दिवशी बाजार. मामाने भाच्याला काहीतरी घेऊन द्यायचं, ही आमच्याकडची रीत. पूर्वी बॅट नाहीतर सायकल घेतली की भागायचं. दोन वर्षांपूर्वी मात्र नऊ वर्षांच्या भाच्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, माले गाडीसना गेम लई दे."

घेऊन दिला. जळगावला एका दुकानात जाऊन "पोरासाठी गाड्यांचा, चांगला चालणारा गेम द्या" म्हटलं आणि त्याने जो दिला तो कागदात बांधून आणला. कव्हरवर लाल चौकोनात १८ छापलेलं मला दिसलं होतं. गेमचा अठरावा भाग असेल, असं मी समजलो. आठ दिवसांनी सुरतहून फोन आला. "दादा, हाई काय दिधं तू पोऱ्याले?" गाड्या होत्याच त्यात. पण दुसऱ्याला गाडीतून ओढून काढायचं, मारायचं, पोलीस आले की त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या, आणि वर शिव्या. आठवडाभर पोरगा तेच खेळत होता आणि घरातल्यांना वाटत होतं, मामाने गाड्यांचा खेळ दिलाय.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला. आयुष्यात कधी कंट्रोलर, म्हणजे गेम खेळायचा रिमोट, हातात न धरलेल्या मामा, काका, आत्या, आजोबांसाठी हे लिहितोय. गेम खेळता येत नसला तरी तो नीट निवडता येतो.

पहिलं काम: पोराच्या आई-बापाला फोन

दुकानात पाय ठेवण्याआधी दोन गोष्टी विचारा. गेम दिलेला चालेल का, आणि घरात मशीन कोणतं आहे. पहिला प्रश्न विचारायला आपल्याला अवघड वाटतं, कारण भेट गुपचूप द्यायची असते. पण रोज संध्याकाळी "आता बंद कर" म्हणण्याची पाळी त्या माउलीवर येणार आहे, तुमच्यावर नाही. परीक्षा तोंडावर असेल, किंवा घरात गेमवरून आधीच भांडणं चालू असतील, तर ते तुम्हाला तिथेच कळेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "टीव्हीला लावायचं आहे ना, तेच" एवढ्यावर सोडू नका. आमच्या लहानपणी मारिओ आणि कॉन्ट्राची कॅसेट या घरातून त्या घरात फिरायची आणि कुठल्याही मशीनमध्ये बसायची. आता तसं नाही. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निंटेंडो स्विच ही वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं, एकाची डिस्क दुसऱ्यात चालत नाही. प्लेस्टेशन ४ ची डिस्क प्लेस्टेशन ५ वर चालते, उलटं चालत नाही. प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती आणि एक्सबॉक्स सिरीज एस यांना डिस्क घालायला फटच नसते, त्यांच्यासाठी गेम इंटरनेटवरूनच घ्यावा लागतो. निंटेंडो स्विचला डिस्क नसते, छोटं कार्ड असतं. म्हणून बहिणीला सांगा, मशीनचा समोरून एक आणि खोक्यावरच्या नावाचा एक, असे दोन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. दुकानात तेच दाखवा.

खानदेशातल्या बहुतेक घरांत मात्र मशीन म्हणजे आईचा किंवा बापाचा मोबाइलच. त्याबद्दल पुढे वेगळं सांगतो, कारण तिथे फसायच्या जागा जास्त आहेत.

आकडा वाचायचा कसा

सिनेमाला आपल्याकडे यू, यूए, ए असं प्रमाणपत्र मिळतं. गेमला वयाचं प्रमाणपत्र देणारं तसं मंडळ भारतात नाही. त्यामुळे इथे विकल्या जाणाऱ्या डिस्कवर बाहेरच्या संस्थांची खूण असते. बहुधा दोनपैकी एक दिसेल.

युरोपची पेगी ही पद्धत २००३ पासून आहे आणि ती वाचायला सगळ्यात सोपी. कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात रंगीत चौकोनात थेट वय लिहिलेलं असतं: ३ आणि ७ हिरव्यात, १२ आणि १६ नारिंगीत, १८ लाल. ज्या वयाचा आकडा, त्या वयापासून पुढच्यांसाठी तो गेम. अमेरिकेची ईएसआरबी १९९४ साली सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी मारामारीच्या गेमवरून तिथल्या सिनेटमध्ये मोठी सुनावणी झाली होती, त्यानंतर गेम कंपन्यांनी मिळून ही संस्था उभी केली. तिची खूण इंग्रजी अक्षरांत असते. 'ई' म्हणजे सगळ्यांसाठी, 'ई १०+' म्हणजे दहा वर्षांपासून, 'टी' म्हणजे तेरापासून, 'एम' म्हणजे सतरापासून. 'एओ' म्हणजे फक्त प्रौढांसाठी, तो दुकानात सहसा दिसणार नाही.

एवढं लक्षात ठेवलं तरी माझ्यासारखी चूक होणार नाही. लाल चौकोन किंवा 'एम' दिसला की डिस्क परत ठेवायची, मग दुकानदार काहीही म्हणो. "सगळे पोरं हेच खेळतात" हे वाक्य तुम्हाला शंभर टक्के ऐकू येईल. ते खरंही असतं. जीटीए व्हाइस सिटी हा २००२ चा गेम, त्यावर 'एम' आणि १८ अशा दोन्ही खुणा आहेत, आणि आपल्या गावागावांत चौथी-पाचवीची पोरं तो पेन ड्राइव्हवरून घेऊन खेळली. ब्रिटनमध्ये बारा, सोळा किंवा अठराची खूण असलेला गेम त्याहून लहान मुलाला विकणं २०१२ पासून गुन्हा आहे. आपल्याकडे दुकानदाराला असं अडवणारं कोणी नाही. म्हणजे अडवायचं काम घेणाऱ्याचंच.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. हा आकडा गेममध्ये काय दाखवलंय याचा आहे, गेम किती अवघड आहे याचा नाही. बुद्धिबळाच्या गेमवर ३ लिहिलेलं असेल, कारण त्यात रक्त नाही, शिवी नाही. तीन वर्षांचं पोर बुद्धिबळ खेळेल असा त्याचा अर्थ नाही. उलट काही गेमवरचं चित्र लहान मुलांचं वाटतं आणि आकडा मोठा असतो. भाच्याच्या दप्तरावर, डब्यावर, चपलेवर स्पायडर-मॅन असतो. पण प्लेस्टेशनवरच्या २०१८ च्या स्पायडर-मॅन गेमला युरोपने १६ दिलेत आणि अमेरिकेने 'टी', म्हणजे तेरा. दोन संस्थांचं असं जुळत नसेल तर मी मोठा आकडा धरतो.

आकड्याच्या जवळ किंवा मागच्या बाजूला छोटी चित्रं असतात, तीही बघा. मूठ म्हणजे हाणामारी, कोळी म्हणजे भीती, फासे म्हणजे जुगार, सिरिंज म्हणजे नशा, आणि हातात कार्ड धरलेलं चित्र म्हणजे गेमच्या आत पैसे मागतात. रात्री एकटं झोपायला घाबरणाऱ्या पोरासाठी मुठीपेक्षा कोळ्याचं चित्र महत्त्वाचं. हे कोणत्याही संस्थेला ठरवता येत नाही, घरच्यांनाच ठरवावं लागतं.

आकडा जे सांगत नाही

फुटबॉलचा ईए स्पोर्ट्स एफसी हा गेम, ज्याला पूर्वी फिफा म्हणत, त्यावर ३ लिहिलेलं असतं. मारामारी नाही, रक्त नाही, सगळं ठीक. पण आत खेळाडूंची पाकिटं विकत घ्यायची सोय असते, आणि पाकिटात कोण निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. लहानपणी आपण गोळीच्या पाकिटातल्या चित्रासाठी पैसे घालवायचो तसंच, पण इथे एका रात्रीत किती जातील याला धरबंध नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगारच ठरवलं. म्हणून हा गेम देऊच नये असं मी म्हणणार नाही, मी स्वतः दिलेला आहे. मशीनमध्ये बापाचं कार्ड जोडलेलं नसावं, एवढी अट घातली.

दुसरी गोष्ट अनोळखी माणसांची. ऑनलाइन खेळताना हेडफोनमधून पलीकडचा काय बोलेल ते कोणत्याही कव्हरवर छापता येत नाही. संस्था तसा इशारा देतात, पण वयाच्या आकड्यात ते धरलेलं नसतं. रोब्लॉक्ससारख्या ऑनलाइन खेळांच्या ठिकाणी तर आतले खेळ खेळणाऱ्यांनीच बनवलेले असतात. एक खेळ पाळीव प्राण्यांचा, तर शेजारचा भुताखेतांचा. दहा-बारा वर्षांच्या आतल्या पोराला ऑनलाइन बोलायची सोय असलेला गेम द्यायचा तर ती सोय बंद करूनच द्या. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निंटेंडो, तिन्हींवर पालकांसाठी तशी सेटिंग असते.

पोर कसं आहे, कितीचं आहे

पाच वर्षांच्या आतल्या लेकराला गेम नकोच, हे माझं स्पष्ट मत. दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. तो तास आपल्या घरात टीव्ही आणि मोबाइलमध्ये केव्हाच संपलेला असतो. त्याला चेंडू द्या.

सहा ते नऊ या वयात मी सगळ्यात आधी वाचनाचं बघतो. गेममधली बहुतेक वाक्यं इंग्रजीत असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत असलेल्या पोराला दर दोन मिनिटांनी इंग्रजी सूचना वाचायला लावणारा गेम दिला तर ते रडकुंडीला येतं, आणि शेवटी मोठा भाऊ खेळतो आणि हे बघत बसतं. बघून कळणारा गेम घ्या: पळायचं, उड्या मारायच्या, वस्तू गोळा करायच्या. घरी प्लेस्टेशन ५ असेल तर अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम नावाचा असा एक गेम मशीनमध्ये आधीच फुकट दिलेला असतो. आई-बापाला आठवण करा, कित्येकांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो. तो पोराला आवडला असेल तर त्याच रोबोचा २०२४ चा मोठा गेम, अ‍ॅस्ट्रो बॉट, भेट म्हणून उत्तम. त्यावर पेगी ७ आहे. गाड्याच हव्या असतील आणि घरी निंटेंडो असेल तर मारिओ कार्ट ८ डीलक्स. पेगी ३, आणि आजोबांनाही जमेल इतका सरळ.

माइनक्राफ्टबद्दल थोडं जास्त सांगतो. त्यावर पेगी ७ आहे, ईएसआरबीचा 'ई १०+'. माती, दगड, लाकूड यांचे ठोकळे फोडायचे आणि त्यातून हवं ते बांधायचं, एवढाच तो खेळ. पण त्यात पोरं विहीर खणतात, शेत लावतात, रेल्वे टाकतात. माझ्या शेजारच्या पोरीने त्यात आमच्या वाड्याचं जोतं, ओटा आणि मागचं परसदार बांधून दाखवलं होतं. त्यात 'पीसफुल' नावाची सेटिंग आहे, ती ठेवली की हल्ला करणारे राक्षस येत नाहीत. मोबाइलवर, कॉम्प्युटरवर, मशीनवर, सगळीकडे मिळतो. एकच गेम सुचव म्हणाल तर मी हाच सुचवेन.

घरात दोन भावंडं असतील तर एकट्याने खेळायचा गेम घेऊ नका, भांडण विकत घेतल्यासारखं होतं. एका टीव्हीवर दोघांनी मिळून खेळायचे गेम असतात. लेगोच्या गेममध्ये तसं खेळता येतं, आणि ओव्हरकुक्ड नावाच्या गेममध्ये दोघा-तिघांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचं असतं. आई-मुलगी खेळते त्यात, मी पाहिलंय. आणि घरात गेम भरपूर असतील पण कंट्रोलर एकच असेल, तर दुसरा कंट्रोलर हीच भेट द्या. गेल्या आखाजीला मी तेच केलं. भाचीने आठ वर्षांत माझी घेतलेली सगळ्यात मोठी पापी त्या कंट्रोलरसाठी होती.

तेरा-चौदाच्या पुढची पोरं तुमचं ऐकून गेम घेणार नाहीत. त्यांना विचारूनच घ्या, फक्त नाव सांगितल्यावर त्याचा आकडा आपण स्वतः बघायचा. या वयाला मी आवर्जून राजी हा गेम दाखवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी तो २०२० मध्ये काढला. असुरांनी पळवलेल्या लहान भावाला शोधायला निघालेली मुलगी, आणि आजूबाजूला आपल्या पुराणातले देव, आपले वाडे. आपल्याकडच्या माणसांनी बनवलेला गेम जगातल्या सगळ्या मोठ्या मशीनवर चालतो, हे पोरांना कळलं पाहिजे.

घरात कोणाला फीट येत असेल, मग ते पोर असो की त्याचं भावंड, तर आधी डॉक्टरांना विचारा. भराभर चमकणाऱ्या चित्रांनी काहींना झटका येऊ शकतो.

मोबाइलवर द्यायचा असेल तर

प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असं लिहिलेलं असतं. आयफोनवर ४+, ९+, १३+, १६+, १८+. प्ले स्टोअरचा आकडा गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून निघतो. आधी कोणी बसून तो गेम खेळून पाहिलेला नसतो. म्हणून एखादा दुपारचा अर्धा तास काढून तुम्ही स्वतः खेळून बघा. किती वेळा जाहिरात येते, जाहिरात कशाची येते, पैसे कुठे मागतो, ते लगेच कळतं.

फुकट गेमपेक्षा शे-दोनशे रुपयांचा एकदाच विकत घ्यायचा गेम पोरासाठी बरा. त्यात जाहिरात नसते आणि डायमंड, यूसी, स्किन असल्या गेमच्या आत पैसे देऊन घ्यायच्या गोष्टींची मागणी बहुधा नसते. मॉन्युमेंट व्हॅली घ्या. वाचायचं अगदी थोडं, चित्रं बघत राहावीत अशी. आई-बापाच्या खात्यातून घ्यावा लागेल, पैसे तुम्ही द्या.

गुगल प्लेचं गिफ्ट कार्ड देणं सोपं वाटतं, पण त्या पैशाचे पोरगा डायमंड घेऊन मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी मागतो. द्यायचंच तर आई-बापाच्या हातात द्या. परदेशातला भाऊ तिकडचं प्लेस्टेशनचं कार्ड पाठवतो म्हणाला तर त्याला थांबवा. अमेरिकेचं कार्ड भारतातल्या खात्यात चालत नाही.

बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा इथला अवतार, अठराच्या आतल्यांना पालकांच्या संमतीने आणि दिवसाला ठरावीक तासच खेळता येतो. पोरं बापाचा नंबर टाकून ती संमती स्वतःच देतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आणि ज्या ॲपमध्ये पैसे लावून पैसे जिंकायचे असतात ते गेमच नव्हेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्याने ते बंद केलेत. एखाद्याने लिंक पाठवली तरी हात लावू नका.

दुकानात

जळगावला गोलाणी मार्केट, धुळ्याला आग्रा रोड, कुठेही जा, पण गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुकानदाराला निवांत बोलायला वेळ हवा. नव्या मोठ्या गेमची डिस्क चार-पाच हजारांच्या घरात जाते, दोन-तीन वर्षं जुना गेम बराच स्वस्त. पोराला नवा-जुना कळत नाही, तुमच्या खिशाला कळतो.

सेकंडहँड डिस्क घ्यायला काही हरकत नाही. उन्हात तिरकी धरून ओरखडे बघा, आणि तुमच्यासमोर लावून दाखवायला सांगा. काही खोक्यांत डिस्क नसतेच, नुसता कोड छापलेला कागद असतो. असं सेकंडहँड खोकं घेतलं तर तो कोड आधीच वापरलेला निघणार. आणि "पेन ड्राइव्हवर दहा गेम टाकून देतो" म्हणणाऱ्याला नको म्हणा. चोरीचा माल तर आहेच, बहिणीच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरसही जातो.

सीलबंद डिस्क एकदा फोडली की बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. त्यामुळे फोटोतलं मशीन आणि कव्हरवरचं नाव जुळतंय ना, हे पैसे द्यायच्या आधी बघा.

देण्याआधी आणि दिल्यावर

डिस्क घातली की लगेच खेळ सुरू होतो असं आता राहिलं नाही. आधी गेम मशीनमध्ये उतरतो, मग इंटरनेटवरून अपडेट येतं. खेड्यावरच्या इंटरनेटला त्याला रात्रही लागू शकते. वाढदिवसाला द्यायचा असेल तर आदल्या रात्रीच आई-बापाकडून उतरवून घ्या, नाहीतर केक कापून झाल्यावर पोर टक्क्यांची पट्टी बघत बसेल.

त्याच वेळी पोराचं वेगळं खातं त्याच्या खऱ्या जन्मतारखेसह उघडायला सांगा. वय मोठं टाकलं तर मशीनची सगळी कुलुपं आपोआप उघडतात. मोबाइल असेल तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सेटिंग चालू करा, आणि तो पासवर्ड पोराच्या जन्मतारखेचा ठेवू नका.

आपल्याकडच्या उन्हाचंही बोलायला हवं. सुट्टी नेमकी एप्रिल-मे मध्ये, आणि तेव्हा जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर. प्लेस्टेशन ५ साठी कंपनीने सांगितलेलं तापमान ५ ते ३५ अंश आहे. दुपारी पत्र्याच्या खोलीत ते किती तापत असेल, विचार करा. काचेच्या दाराच्या शोकेसमध्ये मशीन ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा, आणि कुलरच्या ओल्या झोताच्या थेट समोरही ठेवू नका. उन्हाळ्यात खेळायची वेळ सकाळी किंवा जेवणं झाल्यावर ठेवली तर मशीनलाही बरं, पोरालाही.

भाचा परगावचा असेल तर बिल त्याच्या पिशवीत टाकू नका, स्वतःजवळ ठेवा. घरी पोचल्या दिवशीच डिस्क लावून बघायला बहिणीला सांगा. खराब निघाली तर दुकानात तुम्हालाच जायचंय, आणि महिनाभराने गेलात तर तो ओळखणारही नाही.